आगळाची बाटली ऑनलाइन विकली, मग पैसे गेले कुठे?

पत्र आलंय मालवण तालुक्यातून, आचऱ्याच्या बाजूच्या एका गावातून. नाव छापू नका म्हणालीये म्हणून छापत नाही. थोडक्यात असं:

"काकू, माझ्या सासऱ्यांचं घरगुती कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, मालवणी मसाला, तिरफळं (माशाच्या कढीत घालतात ती) असं छोटं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मी बीकॉम आहे, लग्नाआधी ऑफिसात होते. मागच्या ऑक्टोबरात मी हट्टाने एका मोठ्या ऑनलाइन साइटवर आमचं आगळ विकायला ठेवलं. दुकानात बाटली १८० ला जाते, तिथे २२० ठेवली. तीन महिन्यांत ६१ ऑर्डरी आल्या, मी खूश होते. पण १४ ऑर्डरी वाया गेल्या, त्यातल्या ६ बाटल्या फुटल्या, ५ जणांनी खारट आहे म्हणून तक्रार केली, ३ जणांनी दारातून पार्सल परत पाठवलं. खात्यात बघते तर पैसेच दिसत नाहीत. सासरे म्हणतात बंद कर हे, 'गिराईक माका बघान येता, मोबायल बघान नाय.' मिस्टर मधल्या मधे. मला वाटतं आत्ता सोडलं तर परत कधी कोणी करूच देणार नाही. मी चुकतेय का? पेमेंटची शीट सोबत पाठवतेय."

बाय, शीट पाठवलीस ते फार चांगलं केलंस. नाहीतर मला दहा पत्रं येतात त्यातली नऊ "ऑनलाइन करावं का नको" एवढंच विचारतात, आणि त्यावर काय सांगणार गं, आगळ वेगळं काजू वेगळे, आचरा वेगळं कणकवली वेगळी. तुझी शीट मी दोनदा बसून बघितली, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी डोकं ताजं असताना. तू चुकत नाहीयेस आणि सासरेही चुकत नाहीयेत. चुकलाय तो हिशेब, आणि तो तुम्ही दोघांनी मिळून कधी मांडलाच नाही.

तर आधी एका बाटलीचं बघू. २२० ला विकली. त्यातून साइटने कमिशन आणि ठरलेली फी मिळून २९ घेतले. पाठवणावळ ९६. हे झाले १२५, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे साडेबावीस, हा जीएसटी तुझ्या आगळावरचा नाही हां, साइट तुला जी सेवा देते त्याच्यावरचा, आणि तुझ्याकडे जीएसटी नंबर नसल्यामुळे तो तुला कुठून परतही मिळत नाही, गेला तो गेला. एकूण कापले साडे१४७. तुझ्या हातात आले साडेबहात्तर. आता तूच लिहिलंयस की बाटली घरात ९२ ला पडते, कोकमं, मीठ, काचेची बाटली, लेबल, मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी सगळं धरून. वर खोकं, टेप, रद्दी यांचे २०. म्हणजे ११२ घालून तू ७२ आणलेस. दर बाटलीला चाळीसएक रुपये तू गिऱ्हाइकाला स्वतःच्या पदरचे देत होतीस गं. आणि ही न फुटता, न परत येता पोचलेली बाटली. जी फुटली किंवा खारट म्हणून पैसे परत गेले तिच्यात बाटलीचे ११२ आणि जातानाची पाठवणावळ जीएसटीसकट ११३, म्हणजे सव्वादोनशे गेले. सगळं जोडलं तर तीन महिन्यांत साडेचार हजारांच्या वर घरातून गेलेत, आणि आचऱ्याहून मालवणला पार्सल टाकायला जातेस त्याचं पेट्रोल ह्यात धरलेलंच नाही. ते धर. तुझा वेळही धर.

आता ९६ रुपये पाठवणावळ का लागली ते बघ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. तू लिहिलंयस की बाजारातून एकाच मापाची खोकी घेतलीस, २५ बाय २० बाय २० सेंटीमीटरची, आणि मोकळ्या जागेत रद्दी कोंबतेस. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, जागाही बघतात. लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, जे येईल ते किलो, आणि हे किंवा खरं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. तुझं खोकं २५ गुणिले २० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले ५०००, दोन किलो. आत माल काचेसकट किलोच्या आतबाहेर. म्हणजे तू जवळजवळ एक किलो रद्दी आणि हवा मुंबई-पुण्याला पाठवत होतीस आणि तिचं भाडं भरत होतीस. बाटलीच्या अंगाबरोबरचं खोकं घे, १२ बाय १२ बाय २८ चं, ते येतं ४०३२ भागिले ५०००, म्हणजे ८०० ग्रॅमच्या जरा वर. एक किलोच्या टप्प्यात बसतं. पण मग आतला मालही किलोच्या खाली हवा, म्हणून काच सोडायला लागेल, आणि काच तशीही सोडायलाच हवी, सहा बाटल्या फुटल्यात.

पीईटीची, म्हणजे प्लास्टिकची बाटली घे, खाण्याच्या मालासाठी असते ती, वजनाला हलकी आणि तुझे सात-आठ रुपयेही वाचतील. पण नुसतं झाकण घट्ट फिरवून पाठवलीस तर ती फुटणार नाही, गळेल, आणि आगळ गळणं हे फुटण्यापेक्षा वाईट कारण तो लाल रंग शेजारच्या चार पार्सलांना लागतो आणि त्यांच्याही तक्रारी तुझ्या नावावर येतात. झाकणाच्या आत इंडक्शन सील मारायचं. हातात धरून मारायचं छोटं मशीन मिळतं, झाकणात चंदेरी चकती असते, मशीन वरून टेकवलं की ती तोंडाला चिकटते. मारल्यावर बाटली वर्तमानपत्रावर उलटी करून रात्रभर ठेव. सकाळी कागदावर एक लाल ठिपका जरी दिसला तरी ती बाटली पाठवायची नाही, घरी वापर. मग खोक्यात भरून कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाक, एकदा तळावर, एकदा कोपऱ्यावर, एकदा आडवं. सासऱ्यांसमोरच टाक. त्यांना धस्स होईल पण कुरिअरच्या गाडीत ह्यापेक्षा जास्त होतं हे त्यांना एकदा डोळ्यांनी दिसू दे. आणि खोकं पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं घे, तीन प्लायचं आपल्याकडे जूनमध्ये दोन दिवसांत पापडासारखं मऊ होतं.

मला हे का माहितीये ते सांगते. कुडाळला आम्ही नऊ वर्षं काजूचा छोटा कारखाना चालवला. पहिल्या वर्षी मी पण तुझ्यासारखीच उत्साहाने ऑनलाइन गेले, साध्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये काजूगर भरून जुलैमध्ये पाठवले. घरून निघाले तेव्हा कुडकुडीत होते. पोचेपर्यंत सादळले. १७ पाकिटांचे पैसे परत दिले, आणि एका बाईंनी लिहिलं की काजू जुने आहेत. जुने नव्हते गं, मेमध्ये भाजलेले होते. ते वाक्य मला अजून पाठ आहे. त्यानंतर आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले पाऊच घेतले, महाग पडले, पण परत तशी तक्रार आली नाही.

बरं, आता लहान खोकं, पीईटी, सील सगळं केलंस तर एका बाटलीचं काय होतं? पाठवणावळ तुझ्या शीटमधल्याच एक किलोच्या दराने ५८. फी २९. मिळून ८७, त्यावर जीएसटी पावणेसोळा. हातात ११७ येतील. घरचा खर्च ८४ आणि पॅकिंग जरा महाग, २४, म्हणजे १०८. उरले नऊ रुपये. नऊ! आणि एक बाटली वाटेत खराब झाली तर पावणेदोनशे जातात, म्हणजे एकोणीस बाटल्यांची कमाई. म्हणून मी तुला स्पष्ट सांगते, सुटी आगळाची बाटली हा त्या साइटवर विकायचा मालच नाही. वजनदार, पातळ आणि स्वस्त, तिन्ही गोष्टी एकत्र. माल वाईट नाहीये, वाट चुकीची आहे.

त्या वाटेने जायचं तर हलकं, सुकं, टिकाऊ आणि वजनाच्या मानाने महाग असं काहीतरी हवं, आणि ते तुमच्या दुकानात आहेच की! तिरफळं बघ. मुंबईत सुद्धा धड मिळत नाहीत, पुण्यात तर विचारूच नको, आणि बांगड्याच्या कढीत तिरफळ नसेल तर ती कढी कसली. आमसुलं आहेत, मसाला आहे. पाव किलो आमसूल, २५ ग्रॅम तिरफळं आणि २०० ग्रॅम मालवणी मसाला असा एक माशाच्या कढीचा संच कर, सोबत सासूबाईंच्या हातची कृती एका चिठ्ठीवर. तुझ्याच भावांनी मांडलं तर माल २१० चा, पॅकिंग २५, किंमत ४५० ठेव, फी साधारण ६० धर, पाठवणावळ ५८, वरचा जीएसटी २१, हातात पाऊणशे रुपये राहतात आणि फुटायला काही नाही. पाठवायला फक्त चार गोष्टी टाकू नकोस: खाजं, ओले काजूगर, आंबापोळी, फणसपोळी. खाजं चार दिवसांत मऊ पडतं, पोळीला पावसाळ्यात बुरशी येते. शिवाय अन्नसुरक्षावाल्यांनी ऑनलाइन कंपन्यांना सांगितलेलं आहे की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याची निदान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असायला हवेत, त्यामुळे कमी टिकणारा माल तिथे चालवणं तसंही कठीण. आंबापोळी उन्हाळ्यात ओळखीच्यांना दे, चांगली जाते.

आता त्या पाच जणांचं, खारट म्हणणाऱ्यांचं. ती तक्रार वाचून मला आधी हसायला येणार होतं पण नाही आलं, कारण चूक त्यांची नाही. तुझ्या लिस्टिंगवर, म्हणजे साइटवरच्या आगळाच्या पानावर लिहिलंय "शुद्ध कोकम आगळ, १०० टक्के नैसर्गिक", आणि फोटोत आहे लाल पेयाचा ग्लास, बर्फ घालून. नागपूरच्या माणसाने काय समजायचं? त्याने सरबत समजून पाण्यात ओतलं आणि तोंडात घातलं. आपल्याला आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, सोलकढीला आणि आमटीला, हे आईच्या पोटातून माहीत असतं, बाहेरच्याला नाही. साखरेचं ते कोकम सरबत, अमृत कोकम. लिस्टिंगच्या पहिल्याच ओळीत लिही: खारट, साखर नाही, सोलकढीसाठी, थेट पिण्यासाठी नाही. फोटोत वाटीतली सोलकढी दाखव, नारळाच्या दुधाचा गुलाबी रंग दिसला की कोणाला विचारावं लागणार नाही. दुकानात हे काम सासरे तोंडाने करतात, "ह्या सोलकढीचा हा, सरबताचा तकडे." साइटवर सासरे नाहीत, तिथे ते वाक्य लिहायला लागतं, एवढाच फरक आहे.

आणि ते तिघं ज्यांनी दारातून परत पाठवलं, ते सगळे पार्सल दारात आल्यावर पैसे देणारे होते ना? शीटमध्ये तसं दिसतंय. घरपोच पैसे घेणं बंद करता येत असेल तर सणाच्या आधीच्या पंधरवड्यात बंद ठेव, नाहीतर ते नुकसान धरूनच किंमत लाव.

कागदपत्रांचं पटकन सांगते. तू अन्नसुरक्षेची छोटी नोंदणी केलीयेस, वर्षाला १०० रुपयांची, ते बरोबर, तो नंबर लेबलवर हवा, हिरवं चिन्ह, साहित्य, निव्वळ वजन, सगळे कर धरून कमाल किंमत, बनवल्याची तारीख, बॅच, पत्ता आणि तक्रारीचा फोन हे सगळं हवं. जीएसटीचं असं आहे की पूर्वी ऑनलाइन साइटवरून एक पाकीट विकलं तरी नंबर काढायला लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना सूट मिळाली, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल फक्त आपल्याच राज्यात विकत असशील तर नंबराशिवाय नुसत्या नावनोंदणीवर चालतं. तू तेच केलंयस. पण मग नियम पाळ. पत्रात शेवटी लिहिलंयस की म्हापशाच्या एका दुकानदाराला कुरिअरने बारा बाटल्या पाठवल्यास. बांद्यावरून पलीकडे गेलं की गोवा, आपल्या मनात ते शेजारचं गाव असलं तरी कायद्याने दुसरं राज्य आहे, आणि राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर जीएसटी नंबर लागतो. पुन्हा तिकडे पाठवू नकोस, आणि त्या एका बिलाचं काय करायचं ते सीएला विचार, लपवू नकोस. पुढे बेंगळुरू, दिल्ली करायचं ठरलं तर नंबर काढ, पण तेव्हा विवरणपत्रं भरणं आलं, सीएची फी आली, ती पण संचाच्या किमतीत धरायची.

लेबलवर "सिंधुदुर्ग कोकम जीआय" छापू का विचारलंयस. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, अमुक माल अमुक भागातलाच याची सरकारी ओळख. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय मिळालाय, हापूसला २०१८ मध्ये, पण जीआय जिल्ह्याला मिळाला म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येकाने ते चिन्ह छापावं असं नसतं, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतःची नोंदणी करायला लागते. ती कर, खरंच कर, आपल्या मालाचं नाव परक्या मालाला लागतं त्याचा मला फार राग येतो आणि आपणच ढिले राहिलो तर बोलायचं कोणाला. तोपर्यंत नुसतं "आचरा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग" असा पत्ता ठळक छाप, तो खरा आहे आणि तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

एक सावध करते. तुझा नंबर साइटवर गेला की फोन यायला लागतील, "मॅडम अकाउंट व्हेरिफाय करायचंय", "पहिल्या पानावर आणून देतो", "उद्यम सर्टिफिकेट काढून देतो दोन हजार." उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, ती सरकारी साइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं बस. मी स्वतः एका माणसाला लिस्टिंग करून देण्याचे आठ हजार दिलेत, त्याने दुसऱ्याचे फोटो उचलून लावले आणि फोन उचलणं बंद केलं. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकायचा नसतो, हे सासऱ्यांना, सासूबाईंना, घरात जो जो फोन उचलतो त्या सगळ्यांना सांगून ठेव. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला फोन, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे तो.

आता सासऱ्यांकडे येते, कारण माझ्या मते तुझ्या धंद्याची खरी चावी त्यांच्याकडे आहे. तू सहज एका ओळीत लिहिलंयस की "त्यांची एक जुनी वही आहे, त्यात चाकरमान्यांचे नंबर असतात, आंबे-कोकमं सांगून ठेवणाऱ्यांचे." अगं तीच तर! बावीस वर्षांची वही. त्यात परळ, लालबाग, डोंबिवली, नालासोपारा, दिवा, सगळीकडे पांगलेली आपली माणसं आहेत, जी गणपतीला आणि शिमग्याला येतात, जाताना पिशव्या भरून नेतात आणि मधल्या महिन्यांत त्यांच्या घरी आगळ संपलेलं असतं. त्यांना आगळ खारट असतं हे समजावायला लागत नाही. त्यांना तुझ्या सासऱ्यांचं नाव माहितीये. ज्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला ती साइट तुझ्याकडून दर बाटलीला दीडशे रुपये घेत होती, त्यातलं निम्मं गिऱ्हाईक तुमच्या कपाटात वहीत पडलंय. आणि साइटवरचं गिऱ्हाईक साइटचं असतं, त्याचा नंबर सुद्धा तुला मिळत नाही, उद्या त्याला परत आगळ हवं झालं तर साइट त्याला दुसऱ्याची बाटली आधी दाखवेल.

तर असं कर. एका दुपारी दुकानात गर्दी नसताना वही घेऊन त्यांच्या शेजारी बस. ते नाव सांगतील, तू फोनमध्ये टाक, आणि प्रत्येक नावापुढे काय नेतात ते पण लिही, कारण ते त्यांच्या डोक्यात आहे, वहीत नाहीये. दोनशे नावं असली तरी एका दुपारी होणार नाही, आठवडा लागेल, लागू दे. तेवढा आठवडा तुम्ही दोघं धंद्याबद्दल बोलाल, जे तीन महिन्यांत झालेलं दिसत नाहीये. मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घे, दुकानाच्या वेगळ्या नंबरावर, त्यात कॅटलॉग करता येतो, भाव टाकता येतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून आधी एकेकाला फोन करायला लागेल, नंबर सेव्ह करा आणि मेसेज पाठवला तर चालेल ना असं विचारायला. तो फोन सासऱ्यांनी करावा. तू नको. आणि पहिला मेसेज त्यांच्या आवाजात पाठव, मालवणीत, "नया आगळ झाला हा, कोणाक व्हया तर सांगा." डोंबिवलीत सकाळी लोकलमध्ये हे ऐकलेला माणूस ऑर्डर देतो की नाही बघ. त्यांचं म्हणणं काय होतं, गिऱ्हाईक मला बघून येतं. बरोबरच आहे. मग मोबाइलमध्ये तेच दिसू देत, तेच ऐकू येऊ देत.

माल पाठवायचा मात्र सुटा नाही. तू लिहिलंयस की शेजारचे मुंबईच्या रात्रीच्या खासगी बसने खोकं टाकतात, दोनशे रुपयांत. चोवीस बाटल्यांचं एक खोकं, म्हणजे बाटलीला आठ-साडेआठ रुपये. डोंबिवलीच्या एका सोसायटीत तुमच्या नात्यातलं कोणी असेलच, त्यांच्याकडे उतरवायचं, बाकीचे येऊन नेतील, त्यांना दोन बाटल्या मोबदला म्हणून द्यायच्या, फुकट राबवून घ्यायचं नाही. २०० ला बाटली दिलीस तरी खर्च जाऊन शंभराच्या आसपास सुटतात. पैसे आधी यूपीआयने, खोकं नंतर. महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, म्हणजे लोकांना सवय लागते. गणपतीच्या आधी उलटं करायचं, पाठवायचं नाहीच, फक्त आगाऊ नोंदवून घ्यायचं आणि माणसं गावात आली की पिशवी नावासकट तयार.

मग साइट बंद करू का, तर नको. आगळाची सुटी बाटली आजच तिथून काढ, खातं ठेव, कढीचा संच टाक आणि सहा महिने बघ. ज्यांचं गावात कोणीच नाही, ज्यांनी मालवणला एकदा येऊन मासे खाल्लेत आणि ती चव परत हवीये असे लोक तुला वहीत सापडणार नाहीत, ते तिथेच सापडतील. आणि पार्सलमध्ये त्या साइटच्या नियमात बसेल तेवढंच टाक, कृतीची चिठ्ठी चालते, पण "पुढच्या वेळी आमच्याकडून थेट घ्या" असं लिहिलंस तर खातं जाऊ शकतं. पाठवायला किती दिवस लागतील ते सेटिंगमध्ये खरं टाक, आपल्याकडे पावसात लाइट जाते, रेंज जाते, घाटात दरड येते आणि कुरिअरची गाडी दोन दिवस येत नाही. ज्या दिवशी जमणार नाही असं दिसतंय त्या दिवशी दुकान तिथे सुट्टीवर टाक, उशीर झालेल्या ऑर्डरी आणि रद्द केलेल्या ऑर्डरी खात्याच्या रेटिंगवर बसतात आणि ते वर यायला महिने जातात. ओएनडीसीचं नाव ऐकलंयस का विचारलंस. ती एक साइट नाही, सरकारी पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी काढून उभं केलेलं जाळं आहे, एका विक्रेत्यांच्या अ‍ॅपवर माल टाकला की वेगवेगळ्या खरेदीच्या अ‍ॅपवर तो दिसू शकतो. कल्पना मला आवडते, पण आधी संच नीट चालू दे, एका वेळी दोन ठिकाणचे स्टॉक सांभाळत बसू नकोस. त्यापेक्षा गावातल्या बचत गटाशी बोल. मसाल्याला मदतीचे हात मिळतील आणि बांद्र्याच्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात गटाचा स्टॉल लागला तर तिथे येणारी माणसं उभ्या उभ्या चव बघून घेतात, त्यांचे नंबर पण वहीत येतील.

मिस्टरांना मधे ठेवू नकोस. त्यांना एकच काम दे, महिन्याच्या शेवटी तुम्ही तिघं बसाल आणि शीट तू नाही, ते मोठ्याने वाचतील. दुकान, वही आणि साइट, तिन्हीचे वेगळे आकडे. तू वाचलीस की सासऱ्यांना वाटतं सून हिशेब विचारतेय.

आता फेब्रुवारी चाललाय, कोकमं लागायला अजून दोन महिने आहेत, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. पीईटीच्या बाटल्या मागवशील तेव्हा दुकानदार पाचशे घ्या म्हणेल, भाव कमी करेल, तरी ५० च घे, झाकणं आणि सीलच्या चकत्या त्याच्याकडूनच, माप जुळायला हवं. गेल्या वर्षीचं उरलेलं आगळ त्यात भर, सील मार आणि दहा बाटल्या पत्र्याखाली उन्हात पंधरा दिवस ठेव, दहा सावलीत. आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही जबर, बाटली फुगते का, झाकण सैल होतं का, रंग उतरतो का, वास बदलतो का ते बघायचं. पंधरा दिवसांनी दोन्हीकडची एकेक बाटली फोड आणि चव मात्र तू घेऊ नकोस. सासऱ्यांना दे, कुठली उन्हातली ते न सांगता. ते म्हणतील ते मला कळव.